उसने कान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कोणाच्या हाती ही पानं लागलीच तर सांभाळून घ्यावं. मी माझ्यापुरतंच लिहिते आहे, कारण जे पाहिलं ते चारचौघांत सांगायला गेले तर माझा आवाजच फुटत नाही.

आम्ही कसबा पेठेतले तांबट. आमच्या ह्यांनी जन्मभर तांब्याचे हंडे आणि घंगाळं ठोकली, आणि त्या ठोक्यांनी पन्नाशीतच कान गेले. आळीतल्या बाकीच्या बायका आपल्या नवऱ्यांशी ओरडून बोलत. मला ओरडायची लाज वाटते. आमची वरच्या मजल्यावरची जमीन लाकडी फळ्यांची. जेवायला बोलवायचं झालं की मी पाय आपटायची. तो हादरा ह्यांना कळायचा. त्यापलीकडे आमचं बोलणं असं नव्हतंच. पुढे वय झालं तसं ह्यांनी देवळाच्या ओट्यावर जाऊन बसणंही सोडलं. लोक हसले की का हसले कळत नाही, म्हणायचे. दिवसभर भिंतीकडे बघत बसत. समोर बसलेला माणूस माझ्यापासून लांब लांब चालला होता.

आमची मुलगी तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. ती ह्यांना कोथरूडला कानांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी मागोमाग. तिथल्या बाईंनी ह्यांना एका बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले, आणि पडद्यावर एक रेघ उमटत गेली. आधी सरळ, मग एकदम खाली.

"बघा," त्या म्हणाल्या, "ह्यांना जाड आवाज बरे येतात. बारीक येतच नाहीत."

माझा आवाज बारीक. आमचा सगळा संसार त्या रेघेत दिसत होता.

मग त्यांनी शेंगेएवढं एक यंत्र कॉम्प्युटरला वायरीने जोडलं आणि ह्यांच्या कानापुरतं जुळवलं. ज्या आवाजाला जेवढी मदत हवी तेवढीच. ते कानामागे बसवल्यावर मी नेहमीसारखी पुटपुटले, "अहो, येतंय का ऐकू?"

हे दचकले. माझ्याकडे बघतच राहिले.

"मला वाटायचं, तू नुसते ओठ हलवतेस," म्हणाले.

हात जोडावेसे वाटले. पण जोडायचे कोणाला? ज्याने ते यंत्र घडवलं त्याचं तोंड कुठे पाहिलं होतं मी?

पैसे मुलीने भरले. घरी येताच ह्यांनी सांगून टाकलं, "हे उसने." आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्र डबीत. उसनी वस्तू कमी वापरावी, अशी आमच्याकडची रीत. पाहुणा आला की तेवढं घालायचे. मी परत पाय आपटू लागले.

मुलगी चिडली. "आप्पा, ते काय झिजतं का? त्या बाई म्हणाल्या ना, दिवसभर घातलं तरच मेंदूला सवय होते!"

"कर्ज फिटलं की घालीन."

"कर्ज कसलं? मी मुलगी आहे तुमची!"

"म्हणूनच. परक्याचं बुडवलं असतं."

मग ह्यांनी हातोडा काढला. सोसायट्यांमधल्या लोकांना तेव्हा तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची हौस परत आली होती. उरलंसुरलं ऐकू येणं टिकावं म्हणून त्या बाईंनी दिलेली रबरी बुचं कानांत घालून हे हंडे ठोकत. भिंतीकडे बघणं आपोआप थांबलं. दर महिन्याला थोडे पैसे मुलीच्या हातावर ठेवत. तीही मुकाट घेऊ लागली. नाही घेतले तर डबी उघडणार नाही, हे तिला कळलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर शेवटचे दिले. ती तशीच पर्समध्ये टाकायला लागली.

"मोजून घे," हे म्हणाले.

तिने मोजले. "फिटले, आप्पा. सगळे."

ह्यांनी डबी उघडली आणि यंत्र कानामागे चढवलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पाय उचलला होता, तो तसाच खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "चहा टाकू का?"

"टाक," बाहेरून उत्तर आलं. "हिलाही दे. आता हिचं काही देणं नाही आपल्याकडे."