सम्राटाच्या कानामागची खाच

तुमच्या नोकरीतली न विसरता येणारी केस कोणती, असं कुणी विचारलं की मला खून-दरोडे आठवत नाहीत. आठवतं ते अंगठ्याच्या नखाएवढं एक रोमन नाणं.

मी तेव्हा ब्रिस्टलला डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एका सकाळी लंडनजवळच्या स्टॅनमोरहून ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला. निवृत्त डेंटिस्ट, मूळचे पुण्याचे, जुन्या नाण्यांचे वेडे.

"अहो साहेब, काल तुमच्याकडच्या कॉइन फेअरमध्ये एकाने चहा पिताना खिशातून नाणं काढून दाखवलं. ते तुमच्या भागातल्या म्युझियममधलं आहे!"

"कशावरून म्हणता?"

"शेतात सापडलेलं ते, सम्राटाच्या कानामागे नांगर लागून खाच पडलीय. काचेतून कितीदा पाहिलीय मी ती!"

मी म्युझियमला फोन केला. क्युरेटरबाई हसल्या. कांस्याचं ते नाणं जागेवरच होतं. पण डॉक्टरांनी सांगितलेला माणूस तिथे पूर्वी व्हॉलंटियर होता, हे कळल्यावर मला राहवेना. वॉरंट घेऊन त्याच्या घरी गेलो. नाणं मखमली डबीत सापडलं. संशयावरून त्याला अटक केली.

'बोलाल ते पुरावा ठरू शकेल' ही रीतसर कॉशन दिली, शेजारी त्याचा वकील, रेकॉर्डर सुरू. तो अगदी शांत.

"आजोबांचं आहे. म्युझियममधलं तिथेच आहे ना? मग मी चोरलं काय?"

इन्स्पेक्टर म्हणाले, "सोडून द्या त्याला." कोठडीची मुदतही संपत आली होती. पण एक गोष्ट मला खटकत होती. खोटं बोलणारा सहसा आमच्या चेहऱ्याकडे बघतो. हा एकसारखा पुराव्याच्या पिशवीतल्या नाण्याकडे बघत होता, परक्याच्या कडेवर गेलेल्या आपल्या लेकराकडे बघावं तसा.

मी डॉक्टरांना फोन लावला. "क्युरेटरबाईंनी काचेतल्या नाण्याचा आजचा फोटो पाठवलाय. दोन्ही नाण्यांवर तीच खाच आहे हो."

"तीच? हुबेहूब?" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. "मग सुटलं की कोडं! नाणी पाडायचा ठसा एक असेल हो, पण नांगर दोन नाण्यांना एकाच जागी कसा लागेल? एक खरं, दुसरं त्याचा साचा घेऊन ओतलेलं. कडा बघा, कडा!"

मी गाडी काढली ती थेट म्युझियमला. क्युरेटरबाईंनी काचपेटी उघडली, नाणं भिंगाखाली धरलं आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. कडेला कानशीने घासलेला साच्याचा सांधा होता, पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे. काचेत होतं ते नकली! तिथेच ओरडावंसं वाटलं.

परत येऊन कडेचा फोटो त्याच्यापुढे ठेवला.

"मी शाळेच्या मुलांना ते दाखवायचो," तो म्हणाला. "मग म्युझियमने ते दाखवणं बंद केलं. काचेपाशी कुणी थांबेना. मला बघवेना."

"म्हणून विकायला काढलंत?"

"विकायला?" तो पहिल्यांदाच चिडला. "छे! ज्याला कळेल अशा एकाला तरी दाखवायचं होतं."

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, तुरुंगवास मात्र टळला. नाणं पुन्हा काचेत बसवलं, त्या दिवशी डॉक्टर मुद्दाम ट्रेनने आले आणि लहान मुलासारखे काचेला नाक लावून उभे राहिले.

गुन्हेगार भीतीने चुकतो, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. या माणसाला भीती नव्हतीच. त्याने चोरी बेमालूम लपवली, पण आनंद एकट्याने पोटात ठेवणं त्याला जमलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक चौकशीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "हे तुम्ही कुणाला दाखवलंत?"