फुली हलली कशी

रायफलवर बसवायच्या आमच्या पाचही दुर्बिणी परत आल्या, तेव्हा कारखान्यात भिंगं बसवण्याचं काम करून मला अकरा वर्षं झाली होती. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही सूक्ष्मदर्शक बनवायचो. रायफलचं काम पहिल्यांदाच घेतलं होतं; रायफली बनवणाऱ्या एका कंपनीला पाच दुर्बिणी नमुना म्हणून पाठवल्या होत्या, त्या पसंत पडल्या तर मोठं काम मिळणार होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की जड रायफलीवर वीस-पंचवीस गोळ्या झाडल्या की नेम सरकतो. दुर्बिणीतली नेम धरायची फुली बरोबर निशाणावर दिसते, गोळी मात्र भलतीकडेच लागते.

आमचे मालक पापडी गावचे, शांत माणूस. हे काम आपलं नाही, सोडून देऊ, असं त्यांनी सांगितलं. मी पंधरा दिवस मागितले. कशाच्या जोरावर मागितले, कोण जाणे. पाचही दुर्बिणी मीच जुळवल्या होत्या, एवढंच डोक्यात होतं.

पाठवण्याआधी आम्ही त्या दुर्बिणी लाकडी हातोडीने ठोकून पाहिल्या होत्या. गेटवर बसणाऱ्या काकांना मी ते सांगितलं. ते साताऱ्याकडचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता चंदनसारला लेकीकडे राहणारे. गोळी सुटली की सगळी बंदूक एका झटक्यात मागे येते, हातोडीने तसं काही होत नाही, असं ते म्हणाले.

मग आम्ही भंगारातून दोन सरळ दांडे आणले आणि त्यांवरून घसरणारी लोखंडी चौकट करून घेतली. दुर्बीण चौकटीत उभी आवळायची, छातीएवढ्या उंचीवरून सोडायची आणि खालच्या जाड पोलादी पाटावर आदळू द्यायची. दर दहा आदळण्यांनंतर ती काढून पक्क्या ठोकळ्यावर ठेवायची आणि भिंतीवरच्या खुणेशी फुली जुळते का ते बघायचं. दोन दिवसांत तीनशे वेळा आदळली, फुली तसूभरही हलली नाही. मला वाटलं, चिठ्ठी लिहिणाराच चुकला असेल.

तिसऱ्या दिवशी काका चौकटीपाशी वाकले.

"ताई, डोळ्याची बाजू खाली का लावलीय?"

मी म्हटलं, तशी नीट बसते म्हणून.

"बंदूक डोळ्याकडे येते. आतली काच जागीच राहायला बघते, म्हणजे पुढे पळते. पुढचं मोठं भिंग खाली पाहिजे."

दोन दिवस मी दुर्बीण उलटी आपटत होते. ती फिरवून लावली. चाळिसाव्या आदळण्यानंतर पाहिलं, तर फुली खुणेच्या डावीकडे गेलेली. उघडली, तर फुली कोरलेली काच पुढून धरून ठेवणारी आट्यांची कडी बोटाने फिरत होती. ती कडी मी हलक्या हाताने आवळायचे. काच तडकू नये म्हणून. सूक्ष्मदर्शकात त्याच हलक्या हाताचं कौतुक व्हायचं.

त्या दुपारी डबा खाल्ला नाही. दोष माझ्याच हाताचा आहे, हे मालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता काय करणार?"

मी सांगितलं: आट्यांना राहिलेलं तेल स्पिरिटने पुसून काढायचं, गोंदाचा एक थेंब द्यायचा, आणि कडी अंदाजाने न आवळता चावीला लांब दांडी जोडून तिच्या टोकाला ओढीचा जोर दाखवणारा ताणकाटा लावायचा, म्हणजे प्रत्येक वेळी जोर सारखाच. पहिली काच तडकली. दुसरीही. तिसरीपासून जमलं. आचोळ्याला घरी पोचेपर्यंत बोटं आखडलेली असायची, पोळ्या मुलगी लाटायची.

पंधराव्या दिवशी पाच दुर्बिणी प्रत्येकी पाचशेदा आदळून झाल्या होत्या. त्या कंपनीच्या गोळीबाराच्या मैदानावर मी आणि काका दोघंही गेलो. रायफल झाडताना मी प्रथमच पाहिली. झाडणाऱ्या धिप्पाड माणसाचा खांदा प्रत्येक वेळी मागे ढकलला जात होता. एवढा मार आपण बसवलेली काच खाते आहे, म्हणून मी प्रत्येक गोळी मोजत होते.

चार दुर्बिणी टिकल्या. पाचवीचा नेम साठाव्या गोळीला सरकला. चार टिकल्या तरी काम मिळेल, असं तिथले साहेब म्हणाले. मी पाचवी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाआधीच, उघडायला बसले.