सुतळीवर शिकलेला हात

अभिमननं मोटार वाइंडिंगचा कोर्स पहिल्या नंबरानं पास केला, पण सुतळीवर. धुळ्याकडच्या त्याच्या संस्थेला तांब्याची तार मिळायचीच नाही. पोरं मोटारीच्या खाचांत सुतळी भरायची, मास्तरांना दाखवायची आणि पुन्हा उसवून ठेवायची.

शहाऐंशी साली तो सावद्याला माझ्या दुकानात लागला. केळीच्या मळ्यांतले जळके पंप आमच्याकडे येत. सुतळी ताणायची सवय लागलेल्या त्याच्या हातात तार तुटायची, नाहीतर तारेवरचं वार्निश खरवडलं जाऊन मोटार पुन्हा जळायची. केळी सुकली की शिव्या मला.

“हात हलका ठेव,” मी ओरडायचो.

“भाऊ, ठेवस, पन हात ऐकत नही.”

मला धंदा करायचा होता, शाळा चालवायची नव्हती. मी त्याला काढून टाकलं.

पुढे काही वर्षांनी कारागीर शोधायला त्याच संस्थेत गेलो, तर वाइंडिंगचा मास्तर अभिमनच. पोरांच्या हातात सुतळी होती आणि हा सांगत होता, “घट्ट ओढा.”

मी त्याला बाजूला घेतलं. “अरे, निदान तुला तरी कळायला हवं होतं.”

“पहिला साल मी हलका हातच शिकाडा, भाऊ,” तो म्हणाला. “परीक्षामा सुतळी सुटी गयी. बठ्ठा पोरे नापास व्हयनात.”