नऊ हजार मैलांच्या आत

माझं शिक्षण सातवी नापास, तेही दोनदा. पण चाकणला आमच्या प्रेसशॉपमध्ये डाय बसवायचं काम माझ्याकडं आहे. डाय म्हणजे पत्रा दाबून गाडीचं दार, बॉनेट काढायचा लोखंडी साचा. कंपनी असले साचे परदेशात पाठवते आणि मागोमाग मला पाठवते, कारण साचा तिकडं जाऊन रुसतो. मला इंग्रजी येत नाही. साच्यालाही येत नाही, त्यामुळं आमचं दोघांचं जमतं.

असे मी जर्मनीपासून जपानपर्यंत बरेच देश बघितले. म्हणजे विमानतळ आणि कारखान्याच्या शेडी बघितल्या. तिकिटं काढणाऱ्या ऑफिसातल्या मॅडमनी मला सुरुवातीलाच विमान कंपनीचं एक कार्ड दिलं होतं. मला वाटलं हॉटेलात सूट मिळत असेल. सूट कुणी देईना, म्हणून मी त्या कार्डानं डायवरचं जुनं ग्रीस खरवडायला लागलो. फार छान निघायचं. पण कार्डाचा नंबर मॅडमकडं होता आणि त्या बाई इमानदारीनं प्रत्येक तिकिटावर तो टाकत होत्या. मी ग्रीस काढत राहिलो आणि माझ्या नावावर मैल साठत राहिले.

लेक आमची कॅनडात, व्हँकुव्हरला. पहिलं बाळंतपण. तिची सासू नाही, जवळ बाईमाणूस कुणी नाही, आणि तिला आई हवी होती. आईचा व्हिसा आला तेव्हा तारखेला महिना राहिला होता. जावई बिचारा हळूच म्हणाला, मी तिकिटाचं बघतो. आणि मी, आकुर्डीच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर म्हणालो, "तुमच्या सासूबाई माझ्या मैलांवर येणार." फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, मैल म्हणजे काय. मलाही माहीत नव्हतं.

मग विमान कंपनीला फोन लावला. तिकडची बाई हिंदीत बोलत होती, स्वभावानं गरीब. तिनं सांगितलं की बऱ्याच विमान कंपन्यांनी मिळून गट केलाय, एकीचे मैल दुसरीच्या विमानाला चालतात. जेवढा लांबचा प्रवास तेवढे मैल जास्त कापतात, आणि त्याच्या पायऱ्या आहेत. माझे मैल नऊ हजार मैलांच्या प्रवासाला पुरत होते. वरच्या पायरीला नाही.

मी म्हटलं, वा, मग जाता जाता हिला सिंगापूरही दाखवा. आमच्या कंपनीत जेवढा लांबचा दौरा तेवढा भत्ता जास्त, त्यामुळं लांबचा रस्ता फायद्याचा असंच माझं डोकं चालतं. बाईनं फोन होल्डवर टाकला. आवाज बंद करून हसत असणार.

मग तिनं समजावलं. पुण्यापासून व्हँकुव्हरपर्यंत सरळ रेघ धरत नाहीत. मध्ये जेवढी विमानं बदलाल, त्या प्रत्येकाचं अंतर वेगळं धरून सगळ्याची बेरीज करतात. पुणे-दिल्ली, दिल्ली-फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट-व्हँकुव्हर मिळून साडेनऊ हजाराच्या वर जात होतं. दिल्लीचा फेरा काढून मुंबईहून थेट फ्रँकफर्ट धरलं, तरी नऊ हजारांच्या वर नव्वद मैल. नव्वद मैल म्हणजे आमच्या आकुर्डीपासून फार तर मुंबई. तेवढ्यासाठी बाईचा कॉम्प्युटर ऐकेना. ती म्हणाली, दुसरा रस्ता तुम्ही सांगा, मी तपासते.

घरी बायकोनं बॅग भरायला काढली होती. डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, बाळंतिणीला शेकायची पिशवी. मी म्हटलं, जरा थांब. ती म्हणाली, "अहो, पोरगी थांबणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर जगाचा नकाशा पसरला. बेअरिंगवाल्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्याच्या मागं छापलेला. खिशातला स्टीलचा टेप काढला आणि मोजत बसलो. भारतापासून डावीकडं, युरोपवरून, समुद्रावरून, पार कॅनडाच्या टोकापर्यंत. इस्तंबूल धरून बघितलं, लंडन धरून बघितलं. प्रत्येक वेळी टेप तेवढाच लांब. उजवीकडं जायचा प्रश्नच नव्हता, तिकडं जपानच्या पुढं कागद संपत होता.

आमच्या टूलरूमचे उस्ताद समोर डबा खात होते. चाकणचेच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि मला काम शिकवलेलं त्यांनीच. त्यांनी डबा संपवला, हात धुतले, परत येऊन माझ्याकडं बघत उभे राहिले.

"तीस वर्षं पत्रा वाकवतोयस ना रे तू?"

म्हटलं, व्हय.

"मग हा सपाट ठेवून काय मोजतोस?"

त्यांनी कॅलेंडर उचललं आणि पाइपसारखं गोल केलं. उजवीकडची कड डावीकडच्या कडेला टेकली. जपान आणि व्हँकुव्हर समोरासमोर, मध्ये नुसता समुद्र. नवीन पोरांना मीच रोज शिकवतो की सपाट पत्र्यावरचं माप वाकवल्यावर धरायचं नाही. आणि मी दोन टोकांतलं लांबचं अंतर पुन्हा पुन्हा मोजत होतो. कॅन्टीनमधली सगळी टेबलं हसली. त्यांच्यात मीच जोरात हसत होतो, कारण हात धुवायच्या नळापाशी पळता पळता मी फोन लावलासुद्धा होता.

बाईला म्हटलं, मुंबई-टोकियो, टोकियो-व्हँकुव्हर तपासा. बाई टकटक करत राहिली. मी नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

"सर, नौ हज़ार के अंदर है."

अकरा दिवसांनी एक सीट होती. एकच. मी ती घेतली आणि खिशातल्या बायकोच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवरची अक्षरं वाचायला फोन उस्तादांच्या हातात दिला, कारण नाव चुकवून ठेवायची माझी ताकद सगळ्यांना माहीत आहे.

बायकोला सांगितलं, तू जपानवरून जाणार. ती म्हणाली, तिथं तुम्ही जे जे खाल्लं होतं त्याची नावं सांगा, म्हणजे मी तेवढं सोडून खाईन. ती गेली, एकटी, मध्ये विमान बदलायचा पहिलाच अनुभव, आणि माझ्यासारखी एकदाही चुकीच्या गेटवर बसली नाही.

ती पोचल्यावर सहाव्या दिवशी, आमच्या पहिल्या शिफ्टच्या चहाला, तिचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात, मागं पलंगावर लेक, दमलेली आणि हसणारी. लेक म्हणाली, "पप्पा, आई शेवटपर्यंत हात धरून होती." मी एवढ्या जोरात ओरडलो की फोर्कलिफ्टवाल्यानं ब्रेक मारला.

"हळू," बायको म्हणाली, "आत्ताच झोपलीय ती."