जोराची रेघ जिथून खाली वळली

आमच्या सरस्वतीपुरमच्या घरी जेवणं झाली की गोष्टी सांगायच्या त्या मीच. माझं टक्कल, माझं कानडी, माझ्या फजित्या — सगळं सांगून झालंय. बायको म्हणते, "अहो, एखादी तरी गोष्ट पोटात ठेवा!" ठेवलीय की. बारा वर्षं. तिलासुद्धा सांगितलेली नाही.

कडकोळच्या कारखान्यात माझं काम म्हणजे कॉम्प्युटरवर लोखंड वाकवणं. त्याच्या दोन रीती. एक — भागावर जोर लावायचा आणि तो किती वाकतो ते बघायचं. दुसरी — 'एवढा वाक' म्हणायचं आणि किती जोर लागला ते बघायचं. तेलाच्या रिकाम्या डब्याचं झाकण घ्या. त्यावर वजनं ठेवत गेलात, तर एका क्षणी ते ठप्पकन बसतं. अंगठ्यानं हळूहळू दाबलंत, तर शेवटपर्यंत दाबता येतं — मध्येच कुठेतरी झाकणाचा विरोध ढिला पडतो, एवढंच. पण ढिला पडला, म्हणजे झाकण बसलं. हे कळायला इंजिनिअर कशाला हवा?

गाडीची सीट धरून ठेवणाऱ्या एका ब्रॅकेटनं हजार किलो पेलायला हवे होते. डिझाइन माझं; 'डोळे मिटून पास होईल' ही फुशारकीही माझीच. जोर लावला, तर गणित नऊशेला अडकलं. तीनदा. मग मी काय केलं? रीत बदलली. 'दहा मिलिमीटर वाक' म्हटलं, आणि गणित निमूट शेवटपर्यंत गेलं. आलेखावरची जोराची रेघ मात्र नऊशेपर्यंत चढून खाली वळली होती — म्हणजे झाकण बसलं होतं. मला दिसली नाही? — दिसली ना. रिपोर्टात मी नुसतं रंगीत चित्र लावलं आणि खाली लिहिलं : पास.

खऱ्या चाचणीत आकडा नऊशेला पोचला आणि ब्रॅकेट वाकला. नेमका तिथेच, तश्शीच घडी पडून. खरं सांगू? आधी भीती वाटलीच नाही. वाटलं — देवा, केवढं हे! कुठे पडद्यावरची रेघ, कुठे हे थंडगार लोखंड; एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि शब्दाला शब्द जुळलेला. हात जोडावेसे वाटले. अजूनही तो क्षण आठवला की मी गप्प होतो — आणि मी गप्प होणं म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा.

घडीच्या कडेला वेल्डिंग फाटलं होतं. साहेबांनी विचारलं, "कॅल्क्युलेशन?"

"ओके आहे, सार."

एवढंच बोललो. मग सगळ्यांच्या नजरा वेल्डिंगवर. ते होतं पुट्टस्वामींचं — वीस वर्षांचा हात. "नानु सरियागे माडिद्दे, सार," ते म्हणाले. म्हणजे, 'मी बरोबरच केलं होतं.' साहेबांना नाही, मला म्हणाले. कॉम्प्युटरवाल्याला तरी कळेल, म्हणून असेल.

कळत होतं.

त्यांना वेल्डिंगवरून काढून ग्राइंडिंगवर, नुसतं घासायच्या कामावर टाकलं. आणि मी? पुढच्या ड्रॉइंगमध्ये गुपचूप पत्रा जाड केला. नव्या वेल्डरचा ब्रॅकेट हजारच्या पार गेला. बघा, हाताचाच दोष होता, म्हणाले सगळे.

पुट्टस्वामींनी तो ब्रॅकेट उचलला, उजेडात धरला, वेल्ड बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली — त्यांनाही पटलं होतं. मी शेजारीच उभा होतो.