आवडीकाकींची हरकत

रामनवमीनंतरचा सोमवार. रत्नागिरीतल्या खालच्या आळीत, चारचौघांसमोर माझी चांगलीच जिरली... आणि तीही माझ्याच अक्षरात लिहिलेल्या अर्जाने.

तुम्ही मला ओळखताच. कचेरीबाहेरच्या ओट्यावर मी अर्जनवीस म्हणून बसतो. दौत, टाक, कागदाचे ताव, राजाच्या तोंडाची तिकिटं... एवढाच संसार. आम्हा रत्नागिरीकरांना शेजाऱ्याचं बांधकाम दिसलं की हरकत घेतल्याशिवाय घास उतरत नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय.

म्युनिसिपालिटीत कोणी पडवीचा नाहीतर माडीचा प्लॅन दिला, की त्याचा शेजारी माझ्याकडे येतो. माझी हरकत ठरलेली. हवा बंद होते, उजेड बंद होतो, पागोळ्यांचं पाणी आमच्या हद्दीत पडतं... वीस वर्षं हीच तीन वाक्यं मी फिरवून फिरवून लिहितोय. आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा मला अभिमान होता.

तर होळीच्या सुमाराला आवडीकाकी आल्या. एकट्या राहतात, सुकी मासळी विकतात. शेजारची पार्वती घराला पडवी काढतेय आणि तिच्या छपराचं पाणी आपल्या विहिरीच्या वाटेवर येणार, एवढं त्या बोलल्या. पुढेही काही सांगत होत्या, पण तोवर मी ‘हवा व उजेड यांस कायमचा अटकाव’ इथपर्यंत पोचलो होतो...

दोन ताव भरले. काकींनी अंगठा उठवला आणि गेल्या.

त्या सोमवारी कमिटीचे दोन मेंबर आणि ओव्हरसियर जागा बघायला जाणार होते. माझं तिथे काही काम नव्हतं. पण आपली भाषा मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकायची हौस... गेलो.

मेंबरांपैकी एक वकील. त्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला, आणि झकास वाचला. मग ओव्हरसियर टेप घेऊन काकींच्या भिंतीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. सलग चिऱ्याची भिंत... एकसुद्धा खिडकी नाही.

वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं, "उजेड नक्की कुठून बंद होतो?"

मी काकींच्या कानाशी लागलो. म्हटलं, सांगा की पुढच्या वर्षी इथे खिडकी काढायची आहे. हो, असं म्हणालो मी... हरकत टिकली की प्रकरण पुढच्या मीटिंगवर जातं, म्हणजे थेट पावसाळ्यानंतर, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात पार्वतीचा नवरा गणू घरातून बाहेर आला. आला म्हणजे... आणला. आगबोटीवर खलाशी होता, बोटीवरच उंचावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. घराचं जोतं उंच, चार पायऱ्या. परसात जायचं तरी पार्वती आणि तिची जाऊ, दोघींनी त्याला उचलून न्यायचं. एवढी परकी माणसं बघतायत म्हटल्यावर त्या गड्याने कोपर डोळ्यांवर घेतलं.

पडवी त्याच्यासाठी होती. जमिनीलगतची, बिनपायरीची, म्हणजे हातांवर सरकत त्याला आपलं आपण बाहेर येता येईल. मिरगाआधी छप्पर चढलं नाही, तर अख्खा पावसाळा हे असंच. आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं...

काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"खिडकी कंदी व्हतीच नाय," त्या म्हणाल्या. "मना उजेड पुरतो. मी येवडंच बोलले, पागोळी वाटेवर पडली का शेवाळ धरतं, नि घागर घेऊन मी आपटते. बाकीचं भाऊंनी लिवलानी."

वकीलसाहेबांचा चेहरा बदलला. खोट्या अर्जाचे काय परिणाम होतात ते त्यांनी काकींना सुनावायला घेतलं, आणि त्या बिचाऱ्या हात जोडून उभ्या राहिल्या. अंगठा त्यांचा होता ना...

मी पुढे झालो. म्हटलं, साहेब, यातली हवा माझी आणि उजेडही माझा, बाईंची फक्त पागोळी आहे. दोन्ही ताव परत मागून घेतले. पार्वतीच्या पायरीवर बसून एकच ओळ लिहिली... छपराचं पाणी विहिरीच्या वाटेवर पडू नये.

पार्वती ऐकतच होती. "काकी, येवडंच व्हतं तर मना हाक मारायचीस."

"पडवीच्या खुंट्या ठोकताना तू विचारलंस काय मना?" काकी म्हणाल्या. पार्वती म्हणाली, पोफळीचं खोड चिरून पन्हळ लावते, सगळं पाणी माझ्या परड्यात घेते.

संपलं भांडण. ओव्हरसियरने प्लॅनवर लाल शाईने पन्हळ काढला, काकींनी पुन्हा अंगठा दिला, आणि हरकत उरली नाही म्हणून दोन्ही मेंबरांनी तिथेच सह्या केल्या. माझ्याशी मात्र जाताना कोणी बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

परवा मुद्दाम वाट वाकडी करून त्या आळीतून गेलो. पडवी झालीय. गणू आत जाळं विणत बसला होता. मला बघून त्याने जाळं बाजूला ठेवलं, हातांवर सरकत एकटाच बाहेर आला आणि म्हणाला, "बसा भाऊ."

बसलो. आवडीकाकींनी त्या दिवशी माझं ऐकलं असतं, तर हा माणूस आजही कोपराआड तोंड लपवत बाहेर आला असता. देव त्यांना उदंड आयुष्य देवो... आणि मला, समोरच्याचं बोलणं पुरं होईतो टाक खाली ठेवायची बुद्धी.