एकाच माणसाच्या सुया

"एकाच माणसाच्या सुया आहेत, दुसऱ्याच्या इंदूरहून येतील," कंपाउंडर म्हणाला. ग्वाल्हेर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, दवाखान्याचं सामान वेळेवर येत नव्हतं. आमच्या यांना आणि नणंदेला एकच कुत्रं चावून पळून गेलं होतं. पिसाळलेलं होतं का, कोण सांगणार? "आधी माझ्या मुलाला," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, वन्संना. त्यांचा हात उघडा होता." यांची संस्थानी पलटण मोडली तरी हे सवयीने रोज पायांना लोकरी पट्ट्या गुंडाळायचे, दात त्यांतून लागला, तेव्हा बरीचशी लाळ लोकरीतच राहिली असणार. "नवरा जड झाला का गं?" सासूबाई ओरडल्या. हे म्हणाले, "ठीक म्हणतेय ती." इंदूरहून काही आलं नाही. कुत्रं पिसाळलेलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. नणंद जगली, हेही जगले.